पॅनेल फुटलं आणि गव्हर्नर पुन्हा निवडून आला

साखर कारखान्याची निवडणूक जवळून पाहिलेल्या माणसाला ‘पॅनेल टू पॅनेल’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मतपत्रिका उघडायची, कपबशी असेल तर सगळीकडे कपबशी, विमान असेल तर सगळीकडे विमान. उमेदवार कोण, याची फार विचारपूस नाही. तरी मोजणीच्या दिवशी एखादा असा निघतोच, की ज्याचं अख्खं पॅनेल झोपलंय आणि तो एकटाच बऱ्यापैकी मतांनी वर आलाय. मग आठवडाभर गावात एकच विषय: याला समोरच्यांची मतं पडली कशी?

७ नोव्हेंबर २०२३ ला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात हेच झालं. त्या दिवशी राज्यपातळीवरच्या सहा पदांसाठी मतदान होतं. महाधिवक्ता, राज्य सचिव, कोषाध्यक्ष, लेखापरीक्षक, कृषी आयुक्त ही पाच पदं रिपब्लिकन पक्षाने साठ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन आरामात जिंकली. (हो, तिथे लेखापरीक्षकसुद्धा लोक निवडून देतात.) सहावं आणि सगळ्यांत मोठं पद गव्हर्नरचं. तिथे मात्र डेमोक्रॅटिक पक्षाचे अँडी बेशिअर ५२.५ विरुद्ध ४७.५ टक्क्यांनी दुसऱ्यांदा निवडून आले. आणि हे राज्य असं, की त्याच्या तीनच वर्षं आधी डोनाल्ड ट्रम्प यांनी ते २६ टक्क्यांच्या फरकाने जिंकलं होतं. त्यातून केंटकीच्या मतपत्रिकेवर एक गोल रंगवला की एकाच पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जाईल अशी सोय आहे. म्हणजे तिथे पॅनेल फोडायचं तर आठवणीने, वेगळा गोल रंगवून फोडावं लागतं.

ही भानगड उलगडायची तर आधी ‘गव्हर्नर’ हा प्रकार नीट कळायला हवा, कारण आपल्याकडे या शब्दाने चांगलाच घोळ घातला आहे.

राज्यपाल म्हणू नका

मराठीत गव्हर्नर म्हटलं की एक तर एल्फिन्स्टनसाहेब आठवतो, नाहीतर मलबार हिलवरचं राजभवन. दोघांनाही मतं मागायला दारोदार फिरावं लागलं नाही. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि तो सहसा मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. त्यामुळे ‘राज्यपालाची फेरनिवडणूक’ हे शब्द कानाला विचित्र लागतात.

अमेरिकेतला गव्हर्नर कामाने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागी असतो. राज्याचं प्रशासन, अंदाजपत्रकाचा प्रस्ताव, खात्यांच्या प्रमुखांच्या नेमणुका, आणीबाणी जाहीर करणं, नॅशनल गार्डला बोलावणं, कैद्यांना माफी देणं हे सगळं त्याच्याकडे. फरक निवडणुकीत आहे. आपला मुख्यमंत्री आमदारांच्या बहुमतावर बसतो आणि बहुमत गेलं की जातो; २०१९ पासून महाराष्ट्राने याचे जेवढे प्रकार पाहिले तेवढे पुरेत. गव्हर्नरला मात्र अख्खं राज्य थेट मत देतं. विधिमंडळात त्याच्या पक्षाचं एक माणूस नसलं तरी त्याची खुर्ची हलत नाही.

याला आपल्याकडचं खरं जुळणारं उदाहरण मंत्रालयात सापडणार नाही, ग्रामपंचायतीत सापडेल: थेट सरपंच. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, २०२० मध्ये ते रद्द झालं, २०२२ मध्ये परत आलं. ज्या गावात सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या गटाचं, तिथल्या मासिक सभा आठवा. ठराव अडतात, बिलं अडतात, पण सरपंच मात्र झेंडावंदनाला, अंत्यविधीला, पाइपलाइन फुटली की खड्ड्याशी उभा असतो. लोक त्याला तोंडाने ओळखतात. वॉर्डातल्या सदस्याचं नाव अर्ध्या गावाला आठवत नाही.

केंटकी हे असंच एक मोठं गाव समजा. लोकसंख्या साधारण ४५ लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या सोलापूर जिल्ह्याहून थोडीच जास्त. त्या एवढ्या लोकांसाठी १२० काउंट्या. मराठी बातम्यांत काउंटीला ‘जिल्हा’ म्हणतात, पण आकार पाहिला तर तालुका म्हणणंच बरं. राजधानी फ्रँकफर्ट, जेमतेम तीस हजार वस्तीचं गाव. मोठी शहरं दोन, लुईव्हिल आणि लेक्सिंग्टन. बाकी घोडे, बर्बन व्हिस्की, तंबाखू आणि पूर्वेकडच्या डोंगरात एकेकाळी भरभराटीला आलेल्या व आता बंद पडत चाललेल्या कोळशाच्या खाणी.

सही नाकारली तरी कायदा होतोच

बेशिअर यांच्या पहिल्या कारकिर्दीत समोरचा गट किती भारी होता पाहा. २०२३ मध्ये शंभर सदस्यांच्या खालच्या सभागृहात रिपब्लिकन ८०, आणि अडतीस जणांच्या सिनेटमध्ये ३१.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने एखादं विधेयक नाकारलं, तर ते पुन्हा रेटायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. बहुतेक राज्यांतही बहुमताहून जास्त काहीतरी लागतंच. केंटकी हे त्या मोजक्या राज्यांपैकी एक आहे जिथे निवडून आलेल्या सदस्यांचं साधं बहुमत पुरतं. खालच्या सभागृहात ५१ आणि सिनेटमध्ये २० हात वर झाले की गव्हर्नरचा नकार निकालात निघाला. आपल्या घटनेच्या कलम २०० शी ताडून पाहा: राज्यपालाने विधेयक परत पाठवलं आणि विधानसभेने ते पुन्हा मंजूर केलं, तर संमती द्यावीच लागते. म्हणजे इतर सगळ्या बाबतींत मुख्यमंत्र्यासारखा असलेला केंटकीचा गव्हर्नर या एका बाबतीत आपल्या राज्यपालाच्या रांगेत येऊन बसतो.

त्यामुळे चार वर्षं एकच क्रम चालला. विधिमंडळाने विधेयक पाठवायचं, बेशिअर यांनी कारणं लिहून ते नाकारायचं, विधिमंडळाने ते परत मंजूर करायचं. २०२१ मध्ये तर विधिमंडळाने गव्हर्नरच्या आणीबाणीच्या आदेशांना तीस दिवसांची मुदत घातली. पुढे वाढवायचे तर आमची परवानगी घ्या. बेशिअर कोर्टात गेले, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विधिमंडळाच्या बाजूने कौल दिला.

वरवर पाहता हा गव्हर्नर पांगळा. मला मात्र वाटतं की या पांगळेपणानेच त्यांना दुसऱ्यांदा निवडून आणण्यात मोठा हात लावला. कायदे विधिमंडळाचे, म्हणून कायद्यांवरचा रागही विधिमंडळाच्या पदरात. गव्हर्नरकडे उरलं काय? रस्ते, पूल, कारखान्यांची भूमिपूजनं, आपत्तीतली मदत, आणि रोज लोकांसमोर उभं राहणं. नेमकी हीच कामं अशी, की त्यांच्यावर कुठल्या पक्षाचा शिक्का नसतो.

मुळात ‘दुसऱ्यांदा’ हेच नवं

केंटकीत गव्हर्नरची फेरनिवडणूक ही जुनी परंपरा नाही. १९९२ च्या घटनादुरुस्तीपर्यंत तिथे गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता येत नसे. चार वर्षं झाली की घरी. दुरुस्तीनंतर लागोपाठ दोन कारकिर्दी मिळू लागल्या आणि १९९९ मध्ये पॉल पॅटन हे या सवलतीचा फायदा घेणारे पहिले गव्हर्नर ठरले. तशी घटना त्याआधी घडली होती ती १८०० साली. (शेजारच्या व्हर्जिनियात आजही लागोपाठ दुसरी संधी नाही. उलट न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटमध्ये दर दोन वर्षांनी निवडणूक, म्हणजे तिथला गव्हर्नर सतत प्रचारातच.)

तेव्हापासून केंटकीत पाच जणांनी दुसऱ्यांदा नशीब अजमावलं. डेमोक्रॅटिक पॅटन १९९९ मध्ये जिंकले. रिपब्लिकन अर्नी फ्लेचर सरकारी नोकरभरतीच्या प्रकरणात अडकले आणि २००७ मध्ये हरले. त्यांना हरवणारे स्टीव्ह बेशिअर, म्हणजे अँडी यांचे वडील, २०११ मध्ये पुन्हा जिंकले. रिपब्लिकन मॅट बेव्हिन २०१९ मध्ये हरले, अँडी बेशिअर यांच्याकडून. आणि २०२३ मध्ये अँडी जिंकले. गंमत पाहा: राज्य दिवसेंदिवस रिपब्लिकन होत गेलं, पण खुर्चीत बसून पुन्हा मत मागायला गेलेले दोन्ही रिपब्लिकन पडले आणि तिन्ही डेमोक्रॅट तरले.

पाच निवडणुकांवरून नियम काढायला जाऊ नये. पण एक गोष्ट दिसते, की केंटकीचा माणूस दिल्लीचा, आपलं, वॉशिंग्टनचा हिशोब वेगळ्या वहीत लिहितो आणि फ्रँकफर्टचा वेगळ्या. याला जुनं कारणही आहे. २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत केंटकीच्या मतदारनोंदणीत डेमोक्रॅट म्हणून नाव असलेले लोक जास्त होते. आजोबांचा पक्ष म्हणून नोंद तीच ठेवायची आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी मत रिपब्लिकनला द्यायचं, असं तिथे दोन पिढ्या चाललं. अशा घरात गव्हर्नरपुरतं पुन्हा जुन्या पक्षाकडे वळणं हे काही बाटणं नव्हे.

बेव्हिन यांची गोष्ट, जी विसरून चालणार नाही

बेशिअर जिंकले का, याच्या आधी बेव्हिन हरले का हे पाहायला हवं. फेरनिवडणुकीत हरायचं कसं, याचा तो जवळजवळ धडाच आहे.

२०१८ मध्ये बेव्हिन आणि त्यांच्या पक्षाच्या विधिमंडळाने शिक्षकांच्या पेन्शनमध्ये बदल करायचं ठरवलं. अधिवेशन संपत आलेलं. तेव्हा त्यांनी सांडपाण्यासंबंधीचं एक चालू विधेयक घेतलं, त्यातला मजकूर काढला आणि आत पेन्शनचे बदल भरून ते काही तासांत मंजूर केलं. शाळा बंद पडल्या, शिक्षक रजा टाकून राजधानीत जमले. मार्च २०२३ मधला आपल्याकडचा जुन्या पेन्शनचा संप आठवत असेल तर त्या गर्दीचा अंदाज येईल. बेव्हिन यांनी माघार घेण्याऐवजी शिक्षकांवरच तोंड सोडलं. शाळा बंद राहिल्याने घरी एकट्या राहिलेल्या एखाद्या मुलावर अत्याचार झाला असणार, असं ते बोलून बसले. नंतर माफी मागितली, पण बूंद से गई वो हौद से नहीं आती.

तेव्हा अँडी बेशिअर राज्याचे महाधिवक्ता होते. हे पदही थेट निवडून येतं, त्यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा आणि त्याच्यावर खटला भरणारा सरकारी वकील दुसऱ्या पक्षाचा, असं होऊ शकतं. बेशिअर यांनी त्या सांडपाण्याच्या विधेयकावर दावा ठोकला आणि डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला. पुढच्या वर्षी त्यांनी गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली आणि जोडीला उपगव्हर्नरपदासाठी जॅकलिन कोलमन या शिक्षिकेला घेतलं. केंटकीत ही दोन पदं एकाच जोडीने लढवतात. निकाल: बेशिअर ७ लाख ९ हजार ८९०, बेव्हिन ७ लाख ४ हजार ७५४. फरक फक्त ५ हजार १३६ मतांचा.

प्रत्येक काउंटीत गुरुजी असलेलं एक तरी घर असतंच. तो वर्ग दुखावला की काय होतं हे आपल्या पुढाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

संध्याकाळचे पाच

एवढ्या काठावर आलेला गव्हर्नर चार वर्षांनी पडेल असाच बऱ्याच जणांचा अंदाज होता. पण शपथ घेऊन तीन महिने होतात न होतात तोच कोविड आला. बेशिअर रोज संध्याकाळी पाच वाजता टीव्हीवर येऊ लागले. आकडे सांगायचे, नियम सांगायचे, गेलेल्यांची आठवण काढायची. मृतांसाठी घराबाहेर हिरवा दिवा लावा, असं त्यांनी सांगितलं आणि गल्लोगल्ली ओट्यांवर हिरवे दिवे लागले. आवाज शांत, थोडा रटाळच. चर्चमध्ये जाणारा शेजारी बोलतो तसा. पुढे निर्बंधांवरून लोक चिडले, हेही खरं. त्यांचा निषेध म्हणून राजधानीत त्यांचा पुतळा झाडाला टांगण्यापर्यंत मजल गेली.

१० डिसेंबर २०२१ च्या रात्री राज्याच्या पश्चिम भागावरून टोर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखी फिरणारी वादळं गेली. मेफील्ड हे गाव जवळजवळ सपाट झालं. तिथल्या मेणबत्तीच्या कारखान्यात रात्रपाळीचे कामगार अडकले. राज्यात सुमारे ऐंशी माणसं गेली. उद्ध्वस्त झालेल्या गावांत डॉसन स्प्रिंग्ज होतं, बेशिअर यांच्या वडिलांचं गाव. सात-आठ महिन्यांनी, जुलै २०२२ च्या अखेरीस, पूर्वेच्या डोंगराळ भागात रात्रीतून पूर आला आणि चाळीसहून अधिक लोक गेले. दोन्ही वेळा गव्हर्नर चिखलात, छावणीत, अंत्यविधींना दिसत राहिले. नंतर घरं बांधून देण्याच्या जागांवरही.

आपत्तीत धावून जाणं हे प्रत्येक पुढारी करतो, मग त्यात विशेष काय? विशेष हे, की ते कॅमेरे निघून गेल्यावरही जात राहिले, आणि जिथे गेले तिथे त्यांच्या पक्षाची मतं नव्हतीच. पूरग्रस्त लेचर काउंटीने ट्रम्प यांना भरभरून मतं दिली होती. २०२३ मध्ये लेचर आणि शेजारची पेरी, दोन्हीकडे बेशिअर पुढे होते. मात्र हा हिशोब सगळीकडे लागू झाला असंही नाही. मेफील्ड ज्या ग्रेव्हज काउंटीत आहे, ती रिपब्लिकनच राहिली. मदतीची परतफेड मतांनी होतेच असं समजणाऱ्यांनी हे दुसरं उदाहरणही वहीत लिहून ठेवावं.

सोबत कारखान्यांची जोड होती. फोर्ड आणि तिच्या कोरियन भागीदार कंपनीने २०२१ मध्ये ग्लेनडेल इथे बॅटरीच्या कारखान्यांसाठी ५८० कोटी डॉलरची गुंतवणूक जाहीर केली. ओहायो नदीवरच्या, सिनसिनाटीला जोडणाऱ्या जुनाट पुलाच्या कामासाठी केंद्राचा मोठा निधी आला. त्यातला बराच पैसा बायडेन यांच्या काळातल्या कायद्यांतून आलेला, पण नारळ फोडायला गव्हर्नर हजर. हे तर आपण रोज पाहतो.

समोर कोण होतं

रिपब्लिकन उमेदवार डॅनिअल कॅमरन हे पडेल गडी नव्हते. वय सदतीस, केंटकीचे पहिले कृष्णवर्णीय महाधिवक्ते, सिनेटर मिच मॅकॉनेल यांच्या हाताखाली तयार झालेले आणि वर ट्रम्प यांचा पाठिंबा. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या दोघांचे आशीर्वाद एकाच माणसाला मिळणं ही दुर्मीळ गोष्ट.

पण उमेदवारीसाठी आधी पक्षातली निवडणूक जिंकावी लागते. केंटकीत त्यात फक्त त्या पक्षाचे नोंदणीकृत मतदार भाग घेतात. मधल्या, कुठल्याच पक्षात नसलेल्यांना दार बंद. मे २०२३ मधल्या या फेरीत बरेच उमेदवार होते, पैसा पाण्यासारखा वाहिला, आणि प्रत्येक जण दुसऱ्याहून जास्त कडवा दिसायला धडपडत होता. कॅमरन जिंकले, पण मे महिन्यात जे बोललं ते नोव्हेंबरात निस्तरावं लागतं. खुर्चीतल्या गव्हर्नरला हा ताप नसतो. पक्षात कोणी तगडा विरोधक नसला की पहिल्या दिवसापासून तो मधल्या मतदाराशी बोलू शकतो, आणि त्याची तिजोरीही शाबूत राहते.

कॅमरन यांचा प्रचार एका ओळीचा होता: बेशिअर म्हणजे बायडेन. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन केंटकीत अत्यंत नावडते, म्हणून ही ओळ चालायला हवी होती. जोडीला तृतीयपंथी मुलांच्या उपचारांवर बंदी घालणारं विधेयक बेशिअर यांनी नाकारलं होतं, त्याच्या जाहिराती झाल्या. ते विधेयक अर्थातच विधिमंडळाने पुन्हा मंजूर करून टाकलं होतं. म्हणजे ज्यांना कायदा हवा होता त्यांना तो मिळालेला, आणि राग मात्र गव्हर्नरवर काढा असं सांगायचं. पटायला जरा जड जातं.

गर्भपाताच्या प्रश्नावर उलटं झालं. केंटकीतल्या बंदीत बलात्कार किंवा कुटुंबातल्या अत्याचाराचाही अपवाद नव्हता. वर्षभर आधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, गर्भपाताचा हक्क घटनेत नाहीच असं लिहून टाकणारी दुरुस्ती लोकांपुढे आली तेव्हा याच रिपब्लिकन राज्याने ती नाकारली होती. बेशिअर यांच्या एका जाहिरातीत एक तरुणी कॅमेऱ्यात बघून सांगते, की ती बारा वर्षांची असताना सावत्र बापाने तिच्यावर अत्याचार केले. आवाज चढवलेला नाही, पार्श्वसंगीताचा गोंगाट नाही. त्याआधीच सप्टेंबरमध्ये कॅमरन यांनी, असे अपवाद देणारं विधेयक आलं तर सही करेन, असं सांगून पाऊल थोडं मागे घेतलं होतं. त्याने कडवे नाराज झाले आणि मधल्यांना विश्वास बसला नाही.

प्रचाराचा माहोल कसा असतो ते पाहायचं तर फॅन्सी फार्मला जायला हवं. दर ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी या खेड्यातल्या चर्चच्या अंगणात जत्रा भरते, मेंढीचं आणि डुकराचं मांस विस्तवावर भाजलं जातं आणि दोन्ही पक्षांचे उमेदवार एकाच मंचावरून एकमेकांची यथेच्छ टर उडवतात. समोरची गर्दी बोलणाऱ्याचा शब्दही ऐकू येऊ नये इतकी ओरडत असते. आपल्याकडे शिमग्याला जी मुभा असते ती तिथे त्या एका दुपारी असते. २०२३ मध्ये दोघेही तिथे उभे राहून बोलले.

आता आकडे, आणि त्यातला खडा

मतदानाच्या तोंडावर आलेल्या एका जनमत पाहणीत दोघं ४७-४७ वर होते. निकालात बेशिअर सुमारे ६७ हजार मतांनी पुढे निघाले. बातम्यांत आलं की लोकप्रियता वाढली, मताधिक्य तेरा पटींनी वाढलं. बरोबर. पण बेरीज करून पाहिली तर वेगळंच काही दिसतं.

२०१९ मध्ये बेशिअर यांना ७ लाख १० हजारांच्या घरात मतं होती. २०२३ मध्ये ६ लाख ९४ हजार. म्हणजे मतं घटली आणि मताधिक्य वाढलं! त्याहून चमत्कारिक: २०२० मध्ये याच राज्यात बायडेन यांना ७ लाख ७२ हजार मतं पडली होती आणि ते २६ टक्क्यांनी हरले होते. बायडेन जेवढ्या मतांवर सपाटून पडले, त्याहून कमी मतांवर बेशिअर आरामात जिंकले. कारण ट्रम्प यांना तेव्हा १३ लाख २६ हजार मतं होती, आणि कॅमरन यांना मिळाली ६ लाख २७ हजार. निम्मीसुद्धा नाहीत.

हे शक्य होतं ते वेळापत्रकामुळे. बहुतेक राज्यं गव्हर्नरची निवडणूक संसदेच्या निवडणुकीबरोबर, सम वर्षांत घेतात. पाच राज्यं मात्र विषम वर्षांत घेतात: केंटकी, मिसिसिपी, लुइझियाना, व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी. (न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आपल्या मंडळींना म्हणूनच दर वर्षी कुठलं ना कुठलं मतदान असल्यासारखं वाटतं.) विषम वर्षी ट्रम्प यांचं नाव मतपत्रिकेवर नसतं, राष्ट्रीय वाहिन्यांचा गदारोळ नसतो, आणि केंटकीत २०२३ ला दहा मतदारांपैकी चारसुद्धा बाहेर पडले नाहीत. लोकसभेला ट्रॅक्टर भरून निघणारं गाव जिल्हा परिषदेला दुपारी झोपून राहतं, त्यातला प्रकार.

मग सगळं श्रेय आळशी मतदारांचं का? तसंही नाही, आणि सुरुवातीला सांगितलेली पाच पदं इथे कामाला येतात. त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रांवर आलेल्या त्याच लोकांनी बाकीचे पाच रिपब्लिकन दणक्यात निवडून दिले. मतदान कमी झालं म्हणून डेमोक्रॅट जिंकले असते तर एखादा तरी आणखी आला असता. कमी मतदानाने बेशिअर यांच्यासाठी डोंगर ठेंगणा केला. तो चढले मात्र ते स्वतःच्या पायांनी. दर दहा मतदारांत साधारण एक असा होता, ज्याने बाकी सगळे गोल रिपब्लिकनांचे रंगवले आणि गव्हर्नरपाशी येऊन हात वळवला.

विषम वर्षाची ही निवडणूक सम वर्षात न्यावी, असे प्रस्ताव फ्रँकफर्टमध्ये अधूनमधून येतात. खर्च वाचेल हे सांगायचं कारण. पण त्याला घटनादुरुस्ती लागते आणि ती लोकांपुढे ठेवावी लागते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांनी केंटकी पुन्हा जिंकलं, या वेळी तीसएक टक्क्यांच्या फरकाने. बेशिअर तेव्हाही गव्हर्नर होते आणि विधिमंडळ तेव्हाही त्यांचे नकार उलटवत होतं. पुढची गव्हर्नरची निवडणूक नोव्हेंबर २०२७ मध्ये आहे. लागोपाठ तिसऱ्यांदा उभं राहायला घटनेची मनाई असल्याने मतपत्रिकेवर त्यांचं नाव नसेल. चार वर्षं थांबून, २०३१ मध्ये, ते पुन्हा अर्ज भरू शकतात.